आधी लिहा, मग चालवा: मुंबईच्या ऑफिसात वेबसाइट टेस्टिंगची सवय कशी लावायची

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी वेबसाइटचं नवं होमपेज लाइव्ह होतं. पुढच्या आठवड्यात ऑर्डर वाढतात. मीटिंगमध्ये आलेख दाखवला जातो, टाळ्या पडतात आणि ‘नवं पान चाललं’ हे कायमचं ठरून जातं. पण त्या आलेखाच्या डाव्या बाजूला पितृपक्ष आहे आणि उजव्या बाजूला नवरात्र. पितृपक्षात लोक नवी खरेदी पुढे ढकलतात, हे दादरचा कुठलाही दुकानदार सांगेल. पान जुनंच ठेवलं असतं तरी ऑर्डर वाढल्याच असत्या. किती वाढल्या असत्या, हे आता कोणालाच कळणार नाही.

ए/बी टेस्ट लागते ती ह्यासाठी. एकाच काळात निम्म्या लोकांना जुनं पान, निम्म्यांना नवं, आणि कोणाला काय दिसणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. मग पाऊस पडो, पगार होवो, आयपीएलची फायनल असो, जे व्हायचं ते दोन्ही गटांना सारखंच होतं. उरलेला फरक पानाचा, किंवा निव्वळ योगायोगाचा. योगायोग किती असू शकतो हे गणिताने सांगता येतं.

तंत्र एवढंच आहे आणि अशी टेस्ट चालवणारं टूल विकत घेणं त्याहून सोपं आहे. तरीही बीकेसीपासून ऐरोलीपर्यंत कितीतरी ऑफिसांत टूलचं बिल दर महिन्याला जातं आणि टेस्ट वर्षाला दोन होतात. त्यांचे निकालही कोणी मानत नाही. आमचं ठाम मत आहे की अडचण टूलमध्ये नसते. निकाल आल्यावर काय करायचं, हे निकाल आल्यावर ठरवलं जातं, तिथे सगळं बिघडतं. आकडे समोर आले की प्रत्येकाला आपल्या सोयीचा आकडा सापडतो. म्हणून ह्या लेखात सर्वांत जास्त जागा टेस्टच्या आधीच्या कामाला दिली आहे.

पहिले चार आठवडे: मोजमाप खरं आहे का?

पहिल्या टेस्टची घाई करू नका. आधी टूलमध्ये दिसणाऱ्या ऑर्डर आणि अकाउंट्सच्या सिस्टिममधल्या ऑर्डर एका आठवड्यासाठी शेजारी ठेवून बघा. दोन-चार टक्के तफावत असतेच, कारण काहींच्या ब्राउझरमध्ये ट्रॅकिंग बंद असतं. तफावत ५ टक्क्यांच्या वर असेल तर टेस्ट थांबवा आणि कारण शोधा.

आपल्याकडे ह्या तफावतीचं एक कारण वारंवार सापडतं: यूपीआय. ग्राहक पैसे भरायला वेबसाइटवरून यूपीआयच्या अॅपमध्ये जातो, पैसे भरतो, आणि ब्राउझरकडे परत येतच नाही. ‘ऑर्डरबद्दल धन्यवाद’ हे पान उघडतच नाही. ऑर्डर खरी असते, पैसे जमा झालेले असतात, पण त्या पानावर मोजणी लावली असेल तर टूलच्या लेखी ती ऑर्डर झालीच नाही. उपाय सरळ आहे. मोजणी पानावर लावू नका. पेमेंट गेटवेकडून (पैसे स्वीकारणाऱ्या मधल्या सेवेकडून) सर्व्हरला जो निरोप येतो, त्यावर लावा. हे काम डेव्हलपरचं, आणि ते झाल्याशिवाय पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

नंतर दोन आठवडे ए/ए टेस्ट चालवा, म्हणजे दोन्ही गटांना तेच जुनं पान. इथे तीन गोष्टी तपासायच्या: माणसं खरंच निम्मी-निम्मी वाटली जातात का, दोन्ही गटांच्या ऑर्डर अकाउंट्सच्या सिस्टिमशी सारख्याच जुळतात का, आणि एकच माणूस दोन्ही गटांत किती वेळा दिसतो. ए/ए मध्येही २० पैकी एखादी टेस्ट ‘फरक आहे’ असं सांगणार. योगायोगालाच फरक समजण्याची ५ टक्के मुभा ठेवली की तेवढं होतंच, त्याने घाबरून जाऊ नका.

एकच माणूस दोन्हीकडे दिसण्याची कारणं ठरलेली आहेत. सकाळी लोकलमध्ये मोबाइलवर पान बघणारा दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडतो, तेव्हा टूलला तो दुसरा माणूस वाटतो. आयफोनच्या सफारीत जावास्क्रिप्टने, म्हणजे पानातल्या कोडने, ठेवलेली कुकी (ग्राहक ओळखायची छोटी नोंद) ७ दिवसांत पुसली जाते, त्यामुळे आठवड्यानंतर परत आलेला ग्राहक पुन्हा नव्याने वाटला जातो. लॉगिन असेल तर गट ग्राहक क्रमांकावरून ठरवा. नसेल तर कुकी सर्व्हरकडून ठेवा. उरलेली गळती स्वीकारा, पण ती किती आहे हे लिहून ठेवा.

एका पानाचा कागद

टेस्ट सुरू करण्याआधी एक पान भरायचं. गूगल शीट चालेल, छापलेला कागद चालेल. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा किंवा ऑफिसात बोलता तशा मिसळीत लिहा. भरल्याशिवाय टेस्ट सुरू होणार नाही, एवढा एकच नियम पाळायचा. त्यात काय असावं ते एका विमा कंपनीच्या कोटेशन फॉर्मचं उदाहरण घेऊन बघू.

सुरुवात करायची ती काय दिसलं तिथून. ‘फॉर्म कंटाळवाणा वाटतो’ हे दिसणं नव्हे. ‘मोबाइलवर तिसऱ्या पायरीला, जिथे पॅन मागतो, तिथे इतर कुठल्याही पायरीपेक्षा जास्त लोक निघून जातात, आणि कॉल सेंटरला “पॅन आत्ताच कशाला हवा” असे फोन येतात’ हे दिसणं. कॉल सेंटरच्या माणसाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. ग्राहक कुठे अडतो हे त्याला डॅशबोर्डच्या आधी कळतं, आणि मुंबईत त्याच्या कानावर मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळ्या तक्रारी पडतात.

त्याखाली एक वाक्य: काय बदलणार आणि त्याने फरक का पडेल. ‘बटण हिरवं केलं तर कन्व्हर्जन (आलेल्यांपैकी खरेदी करणाऱ्यांचं प्रमाण) वाढेल’ असल्या वाक्यातून हरल्यावर काहीच शिकता येत नाही. ‘पॅन शेवटच्या पायरीला मागितला तर प्रीमियमची रक्कम आधी दिसेल, आणि रक्कम बघितलेला माणूस पॅन द्यायला कमी कचरेल’ हे चांगलं वाक्य. टेस्ट हरली तरी हाती काहीतरी लागतं: अडचण पॅनची नव्हतीच, बहुधा रकमेचीच होती.

मग एकच मुख्य आकडा निवडायचा. इथे तो ‘कोटेशन सुरू करणाऱ्यांपैकी पॉलिसी घेणारे’. फॉर्म पूर्ण करणारे हा आकडा मोहात पाडतो, कारण तो लवकर हलतो. पण पॅन शेवटी ढकलला की गळतीही शेवटी ढकलली जाते आणि मधल्या पायऱ्या उगाच छान दिसतात. मुख्य आकड्याबरोबर दोन-तीन राखणीचे आकडे ठेवा, जे बिघडता कामा नयेत: पान उघडायला लागणारा वेळ, केवायसीत नाकारले जाणारे अर्ज, कॉल सेंटरला येणारे फोन. वस्तू विकणाऱ्यांनी इथे कॅश ऑन डिलिव्हरीच्या परत आलेल्या ऑर्डर ठेवाव्यात. ‘मोफत परत करा’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं की ऑर्डर वाढतात, मग महिन्याभराने भिवंडीच्या गोदामात परत आलेल्या खोक्यांचा ढीग लागतो.

शेवटी कागदावर तीन ओळी येतात आणि आमच्या मते त्याच सर्वांत मोलाच्या. नवं पान सरस ठरलं तर काय करणार? मागे पडलं तर काय करणार? फरक दिसलाच नाही तर काय करणार? तिसऱ्या ओळीवर सगळे अडखळतात, आणि प्रत्यक्षात तोच निकाल सर्वांत जास्त वेळा येतो. उत्तर काहीही असू द्या: ‘जुनं ठेवू’, किंवा ‘नवं सांभाळायला सोपं आहे म्हणून नवं लावू’. फक्त ते आधी लिहिलेलं असावं आणि त्याखाली प्रॉडक्ट, डिझाइन आणि बिझनेसच्या प्रमुखांची सही असावी. सही केलेला साहेब निकालानंतर ‘मला तरी वाटतं नवंच बरं’ असं म्हणायला बिचकतो. त्याला अडवायला कोणा ज्युनिअरला तोंड उघडावं लागत नाही, त्याचाच कागद बोलतो.

किती माणसं, किती दिवस

ह्यासाठी एक अंदाजाचं सूत्र पाठ करा. प्रत्येक गटात लागणारी माणसं = १६ गुणिले सध्याचा दर (आलेल्यांपैकी किती जण खरेदी करतात ते प्रमाण), गुणिले (१ वजा तो दर), भागिले पकडायच्या फरकाचा वर्ग. ह्या हिशेबात खरा फरक असेल तर १०० पैकी ८० वेळा तो सापडतो, आणि फरक नसताना १०० पैकी ५ वेळा खोटा आनंद होतो.

समजा फॉर्मवर रोज ५,००० माणसं येतात आणि ४ टक्के पॉलिसी घेतात. ४ चे ४.४ झाले तर पकडायचं आहे, म्हणजे १० टक्के सुधारणा. १६ × ०.०४ × ०.९६ = ०.६१४४. फरक ०.००४, त्याचा वर्ग ०.००००१६. भागाकार ३८,४००. दोन गट मिळून ७६,८०० माणसं, म्हणजे सोळावा दिवस उजाडतो. अर्धवट आठवड्यावर थांबायचं नाही, म्हणून ३ आठवडे.

पकडायचा फरक निम्मा केला की माणसं चौपट लागतात. ५ टक्क्यांची सुधारणा पकडायला ह्याच फॉर्मवर ३,०७,२०० माणसं, म्हणजे दोन महिने. उलट २० टक्क्यांच्या सुधारणेला १९,२०० माणसं पुरतात आणि ती चार दिवसांत येतात, तरीही दोन पूर्ण आठवडे चालवा. सोमवारी सकाळी अंधेरी मेट्रोत फोन बघणारा आणि रविवारी दुपारी घरी निवांत बसून बघणारा ह्यांचं वागणं एक नसतं. महिन्याचा पहिला आणि शेवटचा आठवडाही सारखा नसतो. करबचतीची उत्पादनं विकणाऱ्यांनी मार्चमध्ये चालवलेल्या टेस्टचा निकाल जूनला लागू होईलच असं धरू नये. दोन्ही गटांना मार्च सारखाच मिळाला, म्हणून तुलना खरी असते. पण ती मार्चच्या घाईतल्या माणसांपुरती खरी असते.

रोज ४०० माणसं आणि २ टक्के विक्री असलेल्या छोट्या दुकानाने काय करायचं? २० टक्के सुधारणा पकडायलाही त्याला ३९,२०० माणसं लागतील, म्हणजे ९८ दिवस. तेवढ्यात गणपती येऊन जातात. अशा वेळी दोन मार्ग आहेत. वरच्या पायरीचा आकडा घ्या: ८ टक्के लोक वस्तू कार्टमध्ये टाकत असतील तर तिथली २० टक्के सुधारणा ९,२०० माणसांत, सुमारे २३ दिवसांत, म्हणजे ४ आठवडे धरून पकडता येते. कार्ट म्हणजे विक्री नव्हे, हे मात्र कागदावर लिहून ठेवा. दुसरा मार्ग म्हणजे टेस्ट नकोच. पाच ग्राहकांना शेजारी बसवा, त्यांचाच फोन त्यांच्या हातात द्या आणि न बोलता बघत राहा. ह्या दुसऱ्या मार्गाला अनेक जण कमी लेखतात. कमी ट्रॅफिकवर घिसाडघाईने काढलेल्या आकड्यापेक्षा तो कितीतरी प्रामाणिक आहे.

पान बांधताना

ब्राउझरमध्ये पान उघडल्यावर वरून बदल करणारी टूल वापरायला सोपी असतात. पण आधी जुनं पान दिसतं, मग डोळ्यांदेखत नवं होतं. ह्या लुकलुकीने नवं पान हकनाक हरतं. ती झाकायला काही टूल सगळं पानच काही सेकंद लपवून ठेवतात. स्वस्त अँड्रॉइड फोनवर, बोगद्यातल्या किंवा गर्दीच्या लोकलमधल्या नेटवर्कवर तो कोरा पडदा पुरेसा लांबतो आणि माणूस निघून जातो. मजकूर आणि रंग बदलायला असं टूल ठीक आहे. फॉर्म, किंमत आणि चेकआउट ह्यांच्या टेस्ट सर्व्हरवरूनच करा. गूगल ऑप्टिमाइझ हे फुकट टूल ३० सप्टेंबर २०२३ ला बंद झालं. त्यावर अवलंबून असलेल्या कित्येक टीमनी तेव्हापासून टेस्टिंगच सोडलं. ग्रोथबुकसारखी खुल्या कोडची टूल आज आपल्याच सर्व्हरवर बसवता येतात, आणि एका डेव्हलपरला ते झेपतं.

दोन वेगळ्या पत्त्यांवर पानं ठेवत असाल तर एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवणारा रीडायरेक्ट ३०२ चा (तात्पुरता) ठेवा, ३०१ चा (कायमचा) नको. नव्या पानावर मूळ पानाकडे बोट दाखवणारा कॅनॉनिकल टॅग लावा. नाहीतर सर्च इंजिन टेस्टच्या पानालाच कायमचं धरून बसतं.

मराठी पानांची वेगळी तपासणी लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळींच्या उंचीत वेलांटी आणि रफार वरून कापले जातात, उकार खालून. ओळीची उंची अक्षराच्या निदान दीडपट ठेवा. ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर मराठी बटणाचा मजकूर दोन ओळींत मोडतो का ते बघा. देवनागरी फाँटची फाइल सहसा जड असते. ती उशिरा आली की अक्षरं उडी मारतात आणि बोट भलत्याच जागी पडतं. ‘मराठी पान चाललं नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी ते पान एका मराठी माणसाने मोठ्याने वाचून बघितलंय ना, हे विचारा.

टेस्ट चालू असताना

दोनच कारणांसाठी आत डोकवायचं: काही मोडलंय का, आणि वाटणी बरोबर आहे का. मुख्य आकडा बघायचा नाही. जमलं तर डॅशबोर्डवर तो झाकूनच ठेवा.

हा सोवळेपणा उगाच नाही. फरक नसतानाही आकडे वर-खाली होतात. रोज बघायचं आणि ज्या दिवशी पुढे दिसेल त्या दिवशी थांबवायचं, असं केलं तर कधी ना कधी पुढे दिसणारच. एकदाच शेवटी बघितलं तर खोट्या विजयाची शक्यता ५ टक्के. सारख्या अंतराने ५ वेळा बघून थांबायची मुभा घेतली तर ती सुमारे १४ टक्के होते, १० वेळा बघितलं तर १९ च्या आसपास. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, असं होतं. रोज बघावंच लागत असेल तर त्यासाठी बनवलेली वेगळी पद्धत असते, सिक्वेन्शियल टेस्टिंग. अनेक टूलमध्ये ती आता असते. पण ती आधी निवडायची, मधेच नाही. एकाच टेस्टमध्ये २० आकडे बघण्याचा धोकाही तोच आहे: ते एकमेकांशी संबंध नसलेले असतील तर निदान एक तरी खोटाच चमकण्याची शक्यता ६४ टक्के.

वाटणीची तपासणी मात्र रोज करा. हिशेब तोंडी करता येतो. एकूण माणसांचं वर्गमूळ काढा आणि त्याचं निम्मं करा. एखाद्या गटातली माणसं निम्म्या संख्येपासून ह्याच्या तिपटीहून जास्त दूर असतील तर टेस्ट बिघडलेली आहे. एक लाख माणसं असतील तर वर्गमूळ ३१६, निम्मं १५८, तिप्पट ४७४. आता जुन्या पानाला ५०,६४० आणि नव्याला ४९,३६० माणसं दिसली असं धरा. टक्केवारीत ५०.६ आणि ४९.४, म्हणून मीटिंगमध्ये ‘जवळपास सारखंच’ म्हणून पुढे जातात. पण निम्म्यापासूनचं अंतर ६४० आहे. हा योगायोग नाही. नव्या पानापर्यंत पोचलेली काही माणसं मोजलीच गेलेली नाहीत.

कोणती? बहुधा नव्या पानाला एक जड स्क्रिप्ट जोडलेली असते, आणि ‘माणूस आला’ हा निरोप ती स्क्रिप्ट चढल्यावर जातो. जुना फोन, कमी मेमरी, अडखळणारं नेटवर्क असलेली माणसं निरोप जायच्या आधीच निघून जातात. तीच माणसं एरवीही कमी खरेदी करतात. ती नव्या पानाच्या हिशेबातून गळली की नव्या पानाचा दर आपोआप वाढलेला दिसतो. पान लोकांना पळवून लावतंय आणि आकडा त्याला शाबासकी देतोय.

मोजणीतल्या कडेचा हा प्रश्न फार जुना आहे. साताऱ्याच्या बुध गावात १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी १९४० च्या दशकात पिकांच्या पाहणीत नेमकं हेच दाखवलं. शेतातला लहानसा तुकडा कापून उतारा काढला की कडेवरची रोपं आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो, आणि उतारा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. वेबसाइटवरही कडेला उभा असलेला माणूस दोन्ही गटांत एकाच नियमाने आत किंवा बाहेर धरला गेला पाहिजे. म्हणून ‘माणूस आला’ हा निरोप दोन्ही पानांत, पान चढायच्या आधी, सर्व्हरवरूनच पाठवा. वाटणी चुकलेल्या टेस्टचा निकाल दुरुस्त करत बसू नका. कारण शोधा, आणि शून्यापासून पुन्हा चालवा.

निकालाची बैठक

आठवड्यातून एकदा, अर्धा तास, बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी तीनला. साडेपाचनंतर ठेवू नका; कल्याण-विरार-पनवेलकडे निघणाऱ्यांचं लक्ष गाडीच्या वेळेवर असतं, आणि कठीण प्रश्न विचारण्याचा उत्साह कोणालाच नसतो.

निकाल दाखवण्याआधी दोन्ही पानांची चित्रं दाखवा आणि प्रत्येकाला कोणतं जिंकलं असेल ते चिठ्ठीवर लिहायला सांगा. प्रमुखांनी आपला अंदाज सर्वांत शेवटी सांगायचा, नाहीतर सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकसारख्या निघतात. कोण किती चुकला ह्याची यादी लावू नका. सगळ्या खोलीचे मिळून किती अंदाज बरोबर आले, एवढंच नोंदवत जा. सहा महिन्यांत लोक ‘मला खात्री आहे’ म्हणायचं आपोआप कमी करतात आणि ‘करून बघू’ म्हणायला लागतात. दहा प्रशिक्षणं जे करत नाहीत ते ह्या चिठ्ठ्या करतात.

आकडा सांगताना पट्टा सांगा, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो ते. वरच्या फॉर्मवर ३ आठवड्यांत प्रत्येक गटात ५२,५०० माणसं आली. जुन्याचा दर ४ टक्के, नव्याचा ४.३१. ‘पावणेआठ टक्के वाढ’ अशी घोषणा करण्याचा मोह होतो. पण खरा फरक ०.०७ पासून ०.५५ पर्यंत कुठेही असू शकतो. जिंकलेल्या टेस्टमधली वाढ बहुधा खऱ्यापेक्षा फुगलेलीच असते, कारण नशिबाची साथ मिळालेल्या टेस्टच जिंकतात. फायनान्सला वर्षाचा अंदाज देताना पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळचा आकडा द्या. एकदा दिलेला फुगीर आकडा ताळेबंदात सापडला नाही की टीमवरचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला वर्ष जातं.

फार मोठा विजय आला तर आनंद नंतर, तपासणी आधी. ४० टक्के वाढ म्हणजे बहुतेक वेळा मोजणी दोनदा होतेय. रोज येणाऱ्या जुन्या ग्राहकांवर टेस्ट असेल तर पहिल्या आठवड्याचा आणि शेवटच्या आठवड्याचा फरक वेगळा काढा. नव्याचे नऊ दिवस असतातच. बटण हललं म्हणून लोक कुतूहलाने दाबतात.

माणसं, पद आणि अप्रेझल

इथे सर्वांत जास्त काळजी लागते. टेस्ट हरली म्हणून कोणाचं अप्रेझल बिघडलं, तर त्या दिवसापासून ऑफिसात कोणी खरी टेस्ट करणार नाही. लोक जिंकणारच अशा फालतू टेस्ट निवडतील, किंवा आकडे चाळत बसतील. जगातल्या अनुभवी टीमचे आकडे प्रमुखांना पहिल्याच बैठकीत दाखवा. मायक्रोसॉफ्टमध्ये साधारण एक तृतीयांश कल्पनांनी फायदा झाला, एक तृतीयांशांनी काहीच झालं नाही, आणि एक तृतीयांशांनी नुकसान झालं. गूगल आणि मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन बिंग ह्यांच्यावर यशाचं प्रमाण १० ते २० टक्के. तिथल्या लोकांना इतकं अपयश येत असेल तर आपल्या टीमकडून दहापैकी आठ विजय मागणं अन्यायाचं आहे.

दुसरी बाजूही सांगा. बिंगमध्ये २०१२ साली एका कर्मचाऱ्याने सुचवलेला जाहिरातीच्या शीर्षकातला छोटा बदल सहा महिन्यांहून जास्त काळ यादीत पडून होता, कारण कोणाला तो महत्त्वाचा वाटला नाही. टेस्ट केल्यावर उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं. फक्त अमेरिकेतच वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त. कल्पना कोणाची आणि त्याचं पद काय, ह्यावरून तिचं मोल आधी ठरवता येत नाही.

म्हणून अप्रेझलमध्ये विजय मोजू नका. कागद नीट भरला का, ठरल्या तारखेपर्यंत चालवली का, निकाल नोंदवला का आणि लिहिल्याप्रमाणे निर्णय झाला का, हे मोजा. पहिल्या तिमाहीत तीन-चार टेस्ट पुरे.

बँक, विमा, म्युच्युअल फंड अशा ठिकाणी कम्प्लायन्सला (नियमपालन बघणाऱ्या विभागाला) सुरुवातीलाच बसवा. दोन्ही मजकूर त्यांच्याकडून आधी मंजूर करून घ्या, आणि मंजूर वाक्यांचा एक साठा तयार ठेवा, म्हणजे दर वेळी तीन आठवडे थांबावं लागणार नाही. पॅन, मोबाइल नंबर, जन्मतारीख ह्यांतलं काहीही टेस्टिंग टूलकडे जाता कामा नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा इथे लक्षात ठेवा. पडदा रेकॉर्ड करणारी टूल वापरत असाल तर फॉर्मच्या चौकटी झाकलेल्या आहेत ना, हे स्वतः फॉर्म भरून तपासा.

काही गोष्टींची टेस्ट करायचीच नाही. खोटं ‘फक्त २ शिल्लक’, खोटं उलटं घड्याळ, नको असलेली वस्तू गुपचूप कार्टमध्ये टाकणं, ‘नको, मला बचत करायची नाही’ असं ग्राहकाला लाजवणारं बटण. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नचे (ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे) १३ प्रकार मार्गदर्शक तत्त्वांत घातले, त्यांत हे सगळे आहेत. ह्यांतलं काही टेस्टमध्ये जिंकेलही. म्हणूनच ते यादीतही येऊ द्यायचं नाही. आणि ओटीपी येत नसेल, बटण मोडलं असेल, तर टेस्ट कसली लावता, दुरुस्त करा.

निर्णय झाल्यावर

नोंदवहीत एक ओळ लिहा: तारीख, वाक्य, दोन्ही पानांची मोबाइलवरची चित्रं, माणसं, पट्टा, निर्णय, आणि काय कळलं. चित्रं विसरू नका. वर्षाने ‘नवं पान’ म्हणजे नेमकं कोणतं, हे कोणाला आठवत नाही आणि नवा माणूस तीच टेस्ट पुन्हा मांडतो.

हरलेल्या पानाचा कोड दोन आठवड्यांच्या आत काढून टाका आणि ते काम त्याच स्प्रिंटमध्ये (डेव्हलपरच्या कामाच्या ठरलेल्या टप्प्यात) धरा. असे पाच-सहा अर्धमेले कोड साठले की कुठल्यातरी दोघांची गाठ पडते आणि चेकआउट ऐन दिवाळीत अडकतं. जिंकलेलं पान सगळ्यांना देताना ५ ते १० टक्के लोकांना महिनाभर जुन्यावरच ठेवा. पट्ट्याचं खालचं टोक शून्याच्या जवळ असेल तर हा महिना वाढवून दोन करा. मग अकाउंट्सच्या आकड्यांशी पुन्हा एकदा ताळा घ्या, आणि तोच ताळा पुढच्या टेस्टच्या कागदावर ‘काय दिसलं’ ह्या रकान्यात लिहा.